बायकांचं राज्य दाखवायचं म्हणजे पुरुषांना कोंडायचंच का?

बंगाली लेखिका रुकैया हुसेन यांची १९०५ सालची 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा वाचली. त्यातल्या लेडीलँड या बायकांच्या राज्यात पुरुष मर्दान्यात (घरातल्या पुरुषांच्या भागात) बंद, घरकाम करतात. मला खटकलं, अन्याय तोच ना, फक्त माणसं बदलली?

— अहो पण तेव्हा बंगालमधे बायका खरंच जनान्यात बंद होत्या, तेच पुरुषांवर ठेवलं म्हणून तर टोचतं, आणि सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक, ढगांतून पाणी काढणं, हे सगळं तिथल्या बायकांच्या विद्यापीठांनी शोधलंय ते पण बघा ना.

— सहमत. आपल्या नवनाथांच्या गोष्टीतलं स्त्रीराज्य आठवा, मच्छिंद्रनाथ अडकतात, गोरखनाथ सोडवून आणतात, म्हणजे तिथे बायकांचं राज्य नुसता मोहाचा सापळा. रुकैयांच्या बायका निदान विज्ञान करतात, मला हा फरक फार मोठा वाटतो.

— तरी कोंडणं पटत नाहीच.