बेडार्ड, कार्लसन, फँटिली, सेलेब्रिनी: स्केटिंग आणि गोल करण्याचं कसब कसं तोलायचं?

निळी_रेषा:
एनएचएल या आइस हॉकी लीगच्या २०२३ च्या ड्राफ्टमधले (त्यात संघ क्रमाने तरुण खेळाडू निवडतात) पहिले तीन आणि २०२४ चा पहिला अशा चौघांचे ड्राफ्टच्या मोसमातले आकडे शेजारीशेजारी मांडले (असिस्ट म्हणजे गोलच्या आधीचा पास; गोल आणि असिस्ट मिळून गुण):

कॉनर बेडार्ड (रेजायना पॅट्स, ज्युनियर लीग डब्ल्यूएचएल): ५७ सामने, ७१ गोल, ७२ असिस्ट
लिओ कार्लसन (ओरेब्रो, स्वीडनची एसएचएल): ४४ सामने, १० गोल, १५ असिस्ट
ॲडम फँटिली (मिशिगन विद्यापीठ): ३६ सामने, ३० गोल, ३५ असिस्ट
मॅकलिन सेलेब्रिनी (बोस्टन विद्यापीठ): ३८ सामने, ३२ गोल, ३२ असिस्ट

नुसते आकडे पाहिले तर कार्लसन या यादीत का आहे तेच कळत नाही. तरी अनाहाइमच्या संघाने त्याला फँटिलीच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. दुसरा प्रश्न स्केटिंगचा. 'उत्तम स्केटर' असं चौघांबद्दलही लिहिलेलं सापडतं, पण व्हिडिओत नेमकं पाहायचं काय?

मध्यवर्तुळ:
आधी आकड्यांचं बघू. कार्लसनचे २५ गुण पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधले आहेत. समोर तिशीतले, अंगाने भरलेले डिफेन्समन (बचावपटू), आणि अशा संघात अठरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला वेळही मोजकाच येतो. डब्ल्यूएचएलमध्ये १६ ते २० वर्षांची मुलं खेळतात. विद्यापीठांची हॉकी या दोन्हींच्या मधली: खेळाडू साधारण १८ ते २४ चे, म्हणजे अंगाने मोठे, पण सामने कमी आणि बहुतेक शुक्रवार-शनिवारी. मग आठवडाभर विश्रांती मिळते. त्यामुळे फँटिलीचे सामन्यामागे १.८ गुण आणि बेडार्डचे २.५ ही थेट तुलना होतच नाही.

दुसरं, वय. ड्राफ्टची सीमारेषा १५ सप्टेंबर. फँटिलीचा जन्म १२ ऑक्टोबर २००४ चा, म्हणजे चार आठवड्यांनी तो २०२२ च्या ड्राफ्टला मुकला. बेडार्ड १७ जुलै २००५ चा. एकाच ड्राफ्टमध्ये दोघांत नऊ महिन्यांचं अंतर, आणि या वयात नऊ महिन्यांत पायांची ताकद बरीच बदलते. सेलेब्रिनीने ते ६४ गुण सतराव्या वर्षी, मोठ्या मुलांच्या विरुद्ध केले. त्या ओळीकडे मी सगळ्यांत आदराने बघतो.

आणखी एक गाळणी लावा. पॉवर प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) आणि रिकाम्या जाळीतले (गोलकीपर नसतानाचे) गोल बाजूला काढा, असिस्टमध्ये फक्त पहिला असिस्ट, म्हणजे गोलच्या लगेच आधीचा पास, मोजा. पाच विरुद्ध पाचमध्ये जे उरतं ते पुढच्या पातळीवर जास्त टिकतं.

बाहेरची_धार:
स्केटिंगमध्ये लोक कमाल वेग बघतात आणि तिथेच फसतात. सरळ रेषेत पूर्ण वेगाने धावायची संधी सामन्यात फार थोड्या वेळा येते. मी या क्रमाने बघतो.

थांबलेल्या अवस्थेतून पहिली तीन पावलं. गुडघा बुटाच्या टोकाच्या पुढे वाकलेला हवा, पाऊल बाहेर वळवून ढकल तिरकी जायला हवी. पातं सरळ ठेवून ढकल मागे गेली की बर्फावर पकड मिळत नाही, पाय नुसता घसरतो. मग पाय परत कुठे येतो ते बघा. तो शरीराच्या बरोबर खाली आला तर पुढची ढकल पूर्ण लांबीची मिळते. टाच मागे उंच उडत असेल किंवा दोन्ही पाय रुळांसारखे फाकलेले राहत असतील तर प्रत्येक पावलाला थोडी थोडी लांबी वाया जाते. सोळाव्या वर्षी ते खपून जातं, एनएचएलमध्ये नाही.

त्यानंतर धारा. पात्याची आतली धार बहुतेकांना जमते, खरी परीक्षा बाहेरच्या धारेची. बचाव करणारा अंगावर असताना खेळाडू बाहेरच्या धारेवर झुकून वळण पूर्ण करतो की मध्येच दोन्ही पाय टेकवून तोल सावरतो, तिकडे लक्ष ठेवा.

फँटिलीची पहिली पावलं आणि ताकद या चौघांत सर्वांत उठून दिसते. बाहेरून वेग घेऊन डिफेन्समनच्या काठीखालून गोलकडे वळणं ही त्याची खूण. कार्लसन संथ वाटतो कारण पाय लांब आणि पावलं कमी. उंची सहा फूट तीन इंच, त्यामुळे पक (खेळातली रबराची चकती) शरीरापासून दूर धरूनही ताब्यात राहतो, आणि डिफेन्समनला तिथवर पोहोचायला वळसा पडतो. सुरुवातीचा झटका मात्र त्याला कमी होता, हे मान्य करायला हवं. सेलेब्रिनी क्रॉसओव्हरमधून, म्हणजे एक पाय दुसऱ्यावरून टाकत, वेग मिळवतो. वळतानाही त्याचा वेग घटत नाही, उलट वाढतो, आणि हे शिकवायला सगळ्यांत अवघड.

निळी_रेषा:
क्लिपवरून वेग मोजता येईल का?

बाहेरची_धार:
ढोबळ येतो. एनएचएलच्या रिंकवर दोन ब्लू लाइनमध्ये (बर्फावरच्या आडव्या निळ्या रेषा) सुमारे ५० फूट अंतर असतं. ३० फ्रेमच्या व्हिडिओत ते पार करायला ५१ फ्रेम लागल्या तर १.७ सेकंद, म्हणजे ताशी २० मैल, जवळपास ३२ किलोमीटर. दोन्ही रेषांवर एकाच पायाचं पातं धरा. तिरका जाणारा खेळाडू निवडू नका, अंतर जास्त असल्याने वेग कमी निघतो. युरोपातल्या रिंकची मापं वेगळी असतात, तिथे हे ५० फूट वापरू नका. आणि हायलाइट्सवरून मोजू नका, पूर्ण शिफ्ट, म्हणजे खेळाडू बर्फावर उतरल्यापासून बाहेर जाईपर्यंत, बघा. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या शिफ्टच्या शेवटच्या दहा सेकंदांत गुडघे सरळ होतात का, त्यात खूप काही कळतं.

मनगटी_फटका:
गोल करण्याबद्दल. बेडार्डचा फटका जोरामुळे खास नाही, तो कोन बदलण्यामुळे खास आहे. पक शरीरापासून लांब असतो, तो झटक्यात आत ओढतो आणि त्याच हालचालीत सोडतो. गोलकीपर पकच्या रेषेत उभा असतो. रेषा ऐनवेळी सरकली की त्याला पुन्हा सरकावं लागतं, आणि तेवढ्यात एका खांबाकडची जागा उघडी पडते. डब्ल्यूएचएलमध्ये ही ओढ घ्यायला त्याला वेळ मिळायचा. एनएचएलमध्ये डिफेन्समनची लांब काठी आधीच आडवी येते. पहिल्या मोसमात (२०२३-२४) ६८ सामन्यांत २२ गोल, पुढच्या मोसमात ८२ मध्ये २३. फटका तोच आहे, पण तो मारण्यापुरतं अंतर पायांनी मिळवावं लागतं. म्हणून स्केटिंग आणि गोल हे वेगवेगळे रकाने करू नयेत.

फँटिलीचं उलट. त्याचे पाय चालू असतानाच फटका सुटतो, पाय थांबवून नुसतं सरकावं लागत नाही. २०२४-२५ मध्ये त्याने ८२ सामन्यांत ३१ गोल केले, त्याच मोसमात बेडार्डपेक्षा आठ जास्त. एकूण गुणांत मात्र बेडार्ड पुढे, ६७ विरुद्ध ५४.

टक्केवारीला भुलू नका. शंभर फटक्यांत वीस गोल ही मोसमभराची लाट असू शकते. एनएचएलमध्ये वर्षानुवर्षं १५ टक्क्यांच्या वर टिकणारे थोडेच. त्यापेक्षा सामन्यामागे किती फटके आणि ते गोलसमोरच्या पट्ट्यातून किती, हे मोजा.

मध्यवर्तुळ:
सहमत, पण बेडार्डला फक्त गोलांवर तोलू नये. जबड्याच्या फ्रॅक्चरमुळे पहिल्या मोसमात १४ सामने हुकूनही त्याचे ६१ गुण झाले आणि काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवोदिताची) मिळाली, तेही अतिशय कमकुवत संघात. सेलेब्रिनीने पुढच्या वर्षी ७० सामन्यांत ६३ गुण केले, त्याचा संघ सॅन होजेही तळालाच होता. दोघांच्या शेजारी कोण खेळत होतं हे लिहिल्याशिवाय ती तुलना अर्धवट राहते.

लीगचा फरक स्वच्छ बघायचा असेल तर गॅव्हिन मकेना बघा. डब्ल्यूएचएलमधल्या मेडिसिन हॅटकडून २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत १२९ गुण, आणि नंतर तो पेन स्टेट विद्यापीठाकडे गेला. तोच खेळाडू, तेच हात, समोरचे बचाव करणारे मात्र चार-पाच वर्षांनी मोठे. दोन्हीकडच्या पूर्ण शिफ्ट शेजारी लावून बघा आणि पक मिळाल्यापासून सोडेपर्यंत त्याला किती वेळ मिळतो ते मोजा.