मनातला बेत साहेबांना केव्हा सांगावा?
नोकरी सोडण्याचा विचार मनात येताच तो साहेबांच्या कानावर घालणे हाच प्रामाणिकपणा, हे मत मला पटत नाही. महापे येथील आमच्या कंपनीत एका सहकाऱ्याने पुढील शिक्षणाचा नुसता विचार बोलून दाखवला, तर एप्रिलच्या पगारवाढीच्या यादीतून त्याचे नाव गळले आणि हातातले काम दुसऱ्याकडे गेले. प्रवेश तर त्याला अजून मिळालाही नव्हता. कंपनी तरी कर्मचारीकपातीचा बेत आधी कुठे सांगते? नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे नाही, ही करारातली अटही भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा न्यायालयात टिकत नाही, त्यामुळे त्या धाकाने कोणी आधी बोलू नये. राजीनामा दिल्यावर मात्र नोटिशीच्या काळात काम नीट सोपवण्यात जराही कसूर करू नये.