कासाब्लांका ते ट्युनिस: अंतर एकच, मग वेळ वेगवेगळी का?

नवखी_प्रवासी
आमच्या ह्यांना कंपनी आधी मोरोक्कोत कासाब्लांकाला आणि तिथून ट्युनिशियात ट्युनिसला पाठवतेय. तिकिटं मीच बघतेय. अंतर सगळीकडे साडेसोळाशे किलोमीटरच्या आसपास दाखवतात, पण एका थेट विमानाला अडीच तास आणि दुसऱ्या थेट विमानाला त्याहून बराच जास्त वेळ. हा जादा वेळ जातो कुठे?

घारूअण्णा_ठाणे
मुंबई-कोलकाता धरा, तेवढंच अंतर आहे. मध्ये फक्त अल्जीरिया. गाडीने का नाही जात?

पंपवाला
अण्णा, गाडीचं विसरा. मोरोक्को-अल्जीरिया सीमा 1994 पासून बंद आहे.

ताई, वेळेचं उत्तरही त्याच भांडणात आहे. सप्टेंबर 2021 मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. ट्युनिशियाच्या कंपनीचं विमान अल्जीरियावरून सरळ जातं, मोरोक्कोच्या कंपनीचं भूमध्य समुद्रावरून वळसा घालतं. म्हणून तिकिटावर कंपनीचं नाव बघून थांबू नका, प्रत्यक्षात विमान कोण उडवतंय ते बारीक अक्षरात असतं, ते वाचा.

मी खतकारखान्यांच्या ॲसिड पंपांच्या कामाला जातो. मोरोक्कोतल्या जोर्फ लास्फार बंदराचं फॉस्फोरिक ॲसिड आपल्याकडे डीएपी खतासाठी येतं, ट्युनिशियातही तोच धंदा. पहिल्यांदा वळशाच्या विमानात बसलो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. डावीकडच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसले. आफ्रिकेतून आफ्रिकेत चाललोय आणि बाहेर स्पेन! शेजारचे काका हसून म्हणाले, "राजकारण."

परतीला, म्हणजे पश्चिमेकडे येताना, वारा समोरून असतो. तेव्हा थोडा वेळ अजून धरा.

नवखी_प्रवासी
धन्यवाद दादा! घड्याळ बदलावं लागतं का? त्यांचं जाणं बहुतेक रमजानात होईल.

पंपवाला
बरं झालं विचारलंत. एरवी दोन्हीकडे वेळ एकच, आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. पण रमजानात मोरोक्को घड्याळ एक तास मागे घेतं, ट्युनिशिया घेत नाही. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यामुळे रमजानात ट्युनिसला जाताना प्रवास तासाने लांबल्यासारखा वाटतो आणि येताना आखडल्यासारखा. मोबाईल आपोआप बदलतो, माझं एचएमटी नाही बदललं. 2023 च्या मार्चमध्ये ट्युनिसहून कासाब्लांकाला आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात दहाला तयार उभा. ड्रायव्हरचा पत्ता नाही. फोन करून चांगलं झापलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "साहेब, आत्ता नऊ वाजलेत."

दिवसभर उपाशी गाडी चालवायची होती त्याला, आणि त्यात माझ्या शिव्या.

घारूअण्णा_ठाणे
एचएमटी कुठलं, जनता का?

पंपवाला
जनताच. वडिलांचं.