करडईचा लाल आणि चिका कुरोदा

सुतगुंडी: मी हातमागाच्या सुताला नैसर्गिक रंग देते. करडईच्या पाकळ्यांतल्या लाल रंगावर कुणा जपानी बाईंनी डॉक्टरेट मिळवली म्हणे. कोण या?

खलबत्ता: चिका कुरोदा. १९१३ साली तोहोकू विद्यापीठाने पहिल्यांदा बायकांना प्रवेश दिला, त्या तिघींपैकी एक. आधी मुरासाकी या जपानी वनस्पतीच्या मुळातल्या जांभळ्या रंगाची रचना उलगडली, मग ऑक्सफर्ड, मग करडई. डॉक्टरेट १९२९ ची. पुढे कांद्याच्या सालींनाही सोडलं नाही बाईंनी!

चहाबाज: जपानच्याच संशोधक मिचियो त्सुजिमुरांनाही विसरू नका. हिरव्या चहातलं कॅटेचिन हे तुरट द्रव्य त्यांनी वेगळं काढलं. होक्काइदो विद्यापीठात सुरुवातीला बिनपगारी राबल्या, हे वाचून डोकंच फिरतं.

सुतगुंडी: आभार दोघांचेही. मी पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात पिवळा निघेस्तोवर चुरते. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लाल उतरतो. त्यात लिंबू पिळलं की फसफसतं आणि सूत गुलाबी धरायला लागतं. पाणी गरम झालं की मात्र रंगाची वाट लागते.

खलबत्ता: ताई, पाकळ्या कुठून मिळवता? आमच्या सोलापूरकडे करडईचा पेरा पार घटलाय.

सुतगुंडी: बिनकाट्याची करडई लावणारे एक काका आहेत. व्यक्तिगत निरोप करते.