कॉलेजच्या तक्रार समितीपुढे ‘आरोप खोटा आहे’ असं म्हटलं गेलं, तर पुढे नेमकं काय व्हायला हवं?

चौकस

अंतर्गत तक्रार समितीवर नव्याने आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींसाठी टिपण करतो आहे. एका विद्यार्थ्यावर लैंगिक छळाची तक्रार आली आणि आरोप साफ खोटा आहे असं त्याचं म्हणणं आहे, असं धरा. त्याला काय मिळालंच पाहिजे? उलटतपासणी घेता येते का? आणि तक्रार सिद्ध झाली नाही, तर तक्रारदार मुलीवर कारवाई होते का? कॅम्पसवर दोनच मतं ऐकू येतात: ‘नाव आलं की संपला’ किंवा ‘सिद्ध झालं नाही तर तिलाच काढा’. नियम काय म्हणतात ते हवं आहे.

दफ्तरी

दोन्ही मतं नियमांत बसत नाहीत. मूळ कागद दोन: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, आणि उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम, जे मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. विद्यार्थ्यांच्या बाबतीत रोजचा उपयोग या विनियमांचाच.

तारखा पाठ करून ठेवा. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर समिती कारण नोंदवून आणखी ३ महिने देऊ शकते. तक्रार आल्यावर ७ दिवसांत तिची प्रत प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. त्याचं उत्तर, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची नावं-पत्ते १० दिवसांत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि त्याची प्रत दोघांनाही.

घोळ बहुतेक वेळा दुसऱ्याच पायरीवर होतो. मुलाला बोलावून ‘तुझ्याविरुद्ध तक्रार आहे, खुलासा लिहून दे’ एवढंच सांगतात. प्रत नाही, सोबतचे स्क्रीनशॉट नाहीत, घटनेची तारीख नाही. तो अंदाजाने काहीतरी लिहितो आणि पुढे तेच ‘विसंगत उत्तर’ म्हणून त्याच्यावर उलटतं. प्रत जोडपत्रांसकट द्या आणि मिळाल्याची तारखेसह सही घ्या.

त्याआधी समितीची रचना तपासा. पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीची प्रमुख, वरिष्ठ महिला प्राध्यापक हवी. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरचा सदस्य, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसं समितीवर चालत नाहीत. दोघांपैकी कुणाशी नातं किंवा वाद असलेल्या सदस्याने पहिल्याच बैठकीत लेखी कळवून बाजूला व्हावं. हे राहिलं तर आदेशाला आव्हान द्यायला आयतं कारण मिळतं.

साक्षेपी

उलटतपासणीबद्दल. सिनेमातल्या कोर्टासारखी समोरासमोर खडाजंगी इथे अपेक्षित नाही आणि तशी होऊ देऊही नये. पण तक्रारदार मुलीचं आणि साक्षीदारांचं म्हणणं तपासून बघायची संधी प्रतिवादीला मिळायलाच हवी. चालण्याजोगी पद्धत अशी: जबाबांच्या प्रती द्या, त्याच्याकडून लेखी प्रश्न मागवा, चारित्र्यावरचे आणि असंबद्ध प्रश्न गाळा, उरलेले पीठासीन अधिकाऱ्यांनी विचारावेत. गाळलेला प्रत्येक प्रश्न का गाळला ते इतिवृत्तात लिहा. हीच सोय तक्रारदारालाही द्या. प्रतिवादीच्या साक्षीदारांना तिनेही प्रश्न पाठवावेत.

दोन निकाल प्रतिनिधींना जरूर सांगा. १९७३ मध्ये रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलींची नावं आरोपी विद्यार्थ्यांना न सांगता केलेली चौकशी वैध ठरवली. मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरल्याचा तो आरोप होता. आरोप काय आहेत ते मुलांना सांगितलं होतं आणि उत्तराची संधी दिली होती. नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे निष्पक्षपणे बाजू मांडू देण्याचा, साचा प्रत्येक ठिकाणी एकच नसतो, हा त्याचा आधार.

दुसरा १२ मे २०२३ चा, गोवा विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा. तक्रारी २००९ च्या. समितीने सुनावण्यांच्या तारखा एकापाठोपाठ लावल्या, प्रकृतीच्या कारणावरून मागितलेली मुदत पुरेशी दिली नाही आणि एकतर्फी अहवाल केला. सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. यात नुकसान फक्त प्राध्यापकाचं झालं असं समजू नका. ज्या मुलींनी तक्रारी केल्या, त्यांना १४ वर्षांनीही अंतिम निकाल मिळाला नव्हता. घाई केली म्हणजे तक्रारदाराची बाजू घेतली, हा समज यासाठीच सोडायला हवा.

एकतर्फी जायचंच असेल तर २०१३ च्या नियमावलीतला नियम ७ वाचा: सबळ कारणाशिवाय सलग तीन सुनावण्यांना गैरहजेरी, आणि त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस. वकील समितीपुढे उभा करता येत नाही हेही त्याच नियमात आहे. बाहेर सल्ला घ्यायला बंदी नाही.

नीरक्षीर

‘सिद्ध न होणं’ आणि ‘खोटं असणं’ यांतला फरक टिपणात ठळक अक्षरांत टाका. विनियम ११ आणि कायद्याचं कलम १४ दोन्हीकडे स्पष्ट आहे: पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई नाही. तक्रार खोटी असल्याचं माहीत असून केली, किंवा बनावट अथवा दिशाभूल करणारा पुरावा दिला, हे चौकशीतून स्वतंत्रपणे ठरलं तरच शिक्षेची शिफारस. ती विद्यार्थिनी असेल, तर शिक्षा दोषी विद्यार्थ्याला ज्या तरतुदीखाली होते त्याच तरतुदीखाली. त्यासाठी आरोप लेखी मांडून तिलाही उत्तराची संधी द्यावी लागते. मूळ अहवालाच्या शेवटी ‘तक्रार खोटी वाटते’ असं एक वाक्य जोडणं हा अन्याय आहे आणि टिकणाराही नाही.

म्हणजे निष्कर्ष तीन संभवतात: सिद्ध, सिद्ध नाही, जाणूनबुजून खोटी. मधल्या निष्कर्षात दोघांवरही कारवाई नाही, आणि तो निःसंकोच लिहावा.

उशिरा तक्रार, साक्षीदार नसणं, तारखेत थोडी गल्लत, घटनेनंतरही मेसेज चालू असणं, यांतल्या कशानेही खोटेपणा सिद्ध होत नाही. बनवलेला स्क्रीनशॉट, साक्षीदाराला काय बोलायचं ते पढवणारे मेसेज, त्या वेळी ती व्यक्ती शहरातच नव्हती याची पक्की नोंद, हे गंभीरपणे तपासावं. कापलेला स्क्रीनशॉट कोणाकडूनही घेऊ नका. पूर्ण चॅट तारीख-वेळेसकट मागा आणि शक्य असेल तर मूळ फोनवर ताडून पाहा.

चौकस

आभार. सीसीटीव्हीचं काय? आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला असेल तर समितीने थांबायचं का?

दफ्तरी

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. त्यामुळे तक्रार हातात आली त्याच दिवशी समितीने प्रशासनाला लेखी कळवावं: कोणता कॅमेरा, कोणती तारीख, किती ते किती वाजेपर्यंत. प्रतिवादीनेही अशी मागणी लेखीच करावी. वसतिगृहाची नोंदवही आणि ग्रंथालयाच्या गेटवरच्या नोंदी यांचंही तेच. प्रतिवादीने तक्रारदाराला फोन करू नये, मित्राकरवी निरोप पाठवू नये आणि एकही मेसेज पुसू नये. आरोप खोटा असला तरी ‘तक्रार मागे घे’ हा एक निरोप धमकी म्हणून नोंदला जातो.

गुन्हा दाखल झाला म्हणून समितीचं काम आपोआप थांबत नाही. कोर्टात गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. समिती कोणाचं म्हणणं अधिक संभाव्य आहे ते बघते. म्हणून दोन ठिकाणी दोन निष्कर्ष येऊ शकतात. समितीला दिलेला लेखी जबाब पुढे फौजदारी खटल्यात समोर येऊ शकतो, तेव्हा उत्तर देण्याआधी प्रतिवादीने वकिलाला जरूर दाखवावं. तक्रारदार १८ वर्षांखालची असेल तर वाट वेगळी: पोक्सोच्या (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असेल तर हे विसरू नका.

साक्षेपी

अंतरिम उपायांचं राहिलं. तुकडी बदलणं, अंतर ठेवण्याची ताकीद, तक्रारदाराला रजा, हे चौकशी चालू असताना करता येतं. आदेशात ‘ही शिक्षा नाही, दोष ठरलेला नाही’ असं लिहा आणि मुलाची परीक्षा-हजेरी बुडणार नाही याची सोय त्याच कागदावर करा. नावं बाहेर जाऊ देऊ नका. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदाराइतकंच प्रतिवादी आणि साक्षीदारांनाही लागू आहे, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं नाव परत घेता येत नाही.

अहवालानंतर अपिलाला ३० दिवस आहेत, संस्थेच्या कार्यकारी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे संस्थेचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे. कारवाई करायची ठरली तर आधी कारणे दाखवा नोटीस, तिचं उत्तर १० दिवसांत. शिफारस मानायची नसेल तर प्राधिकाऱ्याने कारणं लेखी द्यायची. अपिलाची पायरी गाळून थेट उच्च न्यायालयात गेलात, तर ‘आधी अपील करा’ म्हणून परत पाठवलं जाण्याची शक्यता मोठी, आणि तोवर ३० दिवस उलटून गेलेले असतात.