विषय: मागच्या झाडीतलं डेटा सेंटर (जुना विषय: ढोल सरावाची जागा)

ब्रॅम्बल्टनची ताई:

मंडळी, ढोलाच्या मेलमध्येच हे घुसडतेय, सचिवांनी ओरडू नये.

आमच्या घरामागची झाडी पंधरा दिवसांत साफ झाली. परवा रात्री भांडी लावताना खिडकीतून बघितलं, तर जिथे काळोख असायचा तिथे दिव्यांचे खांब. सकाळी कुंपणापाशी जाऊन विचारलं, तर डेटा सेंटर म्हणे, म्हणजे कंप्युटर यंत्रांनी भरलेलं भलंमोठं गोदाम. ना पत्र, ना पाटी, ना सुनावणी. घर घेताना एजंट म्हणाला होता, मागे कायम झाडंच राहणार. कायम म्हणजे सहा वर्षं!

हे थांबवा म्हणून व्हर्जिनियातल्या आपल्या लाउडन काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सना, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाला, निवेदन लिहिलंय. शुक्रवारपर्यंत सह्या हव्यात.

अ‍ॅशबर्नचा भाऊ:

ताई, राग समजतो, पण एक हिशेब बघा. लाउडन काउंटीत २०१० साली घरपट्टीचा दर शंभर डॉलरला १.३० होता, २०२५ मध्ये तो ०.८०५ झाला. आठ लाखांच्या घरावर १०,४०० च्या जागी ६,४४०. हे कुणाच्या जिवावर? या डेटा सेंटरच्या खोक्यांच्याच. खरी कमाई इमारतीची नाही, आतल्या यंत्रांची आहे. त्यांवर २०२५ मध्ये शंभराला ४.१५ कर होता आणि काही वर्षांनी यंत्रं बदलली की नव्या किमतीवर पुन्हा सुरू. काउंटी सांगते की तिने डेटा सेंटरला सेवा द्यायला एक डॉलर खर्च केला तर त्यांच्याकडून २६ डॉलर कर येतो. आपल्या मुलांच्या शाळा त्यातूनच चालतात.

सही करत नाही. चहाला मात्र येईन.

स्टर्लिंगचे काका:

भाऊ, तुझा दर बरोबर, पण तेव्हाचं आठ लाखांचं घर आज आठ लाखांचं राहिलंय का? दर उतरला तरी मूल्यांकन चढलं. माझं बिल काही तुझ्या गणिताएवढं उतरलेलं नाही.

ताई, सही मी करीन, पण ते निवेदन चुकीच्या दारात चाललंय. त्या जागेवर बोर्डाने कधी मतदानच केलं नाही, मग ते फिरवणार काय?

मी इथे एओएल या इंटरनेट कंपनीच्या दिवसांत आलो. २००० साली काउंटीची वस्ती १,६९,५९९ होती, २०२० ला ४,२०,९५९. घरं वाढली की शाळा, रस्ते, अग्निशमन सगळंच लागतं. त्यामुळे जी इमारत कर देते आणि शाळेत एकही पोर पाठवत नाही, ती काउंटीला जावयासारखी लाडकी झाली. काही झोनमध्ये डेटा सेंटर 'बाय-राइट' होतं. एनए प्लॉटवर नियमात बसणारा नकाशा दिला की मंजुरी मिळावी, तसा प्रकार. काउंटीचे कर्मचारी हद्दीपासूनचं अंतर, पावसाच्या पाण्याचा निचरा वगैरे तपासणार, आणि नियमात बसलं की नाही म्हणायची सोयच नाही. सुनावणी नाही, म्हणून तुला पत्रही नाही. कुणी लपवाछपवी केली असं नाही, रीतच तशी होती.

१८ मार्च २०२५ ला बोर्डाने ही रीत बंद केली. आता स्पेशल एक्सेप्शन, म्हणजे खास परवानगी लागते. आधी प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी, मग बोर्डापुढे, मग मतदान. पण आधीच रांगेत असलेल्या काही अर्जांना जुन्या नियमाने जाऊ दिलं. तुझ्या मागचं खोकं त्यातलंच असावं. तिथे आता हाती काही लागणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

मात्र तुमच्या समोरचा रस्ता ओलांडून मोकळा तुकडा आहे ना, तिथे गवतात एक पाटी वाकून पडली आहे. काल फिरायला गेलो तेव्हा चष्मा लावून वाचली. तीही डेटा सेंटरचीच, पण या वेळी स्पेशल एक्सेप्शनचा अर्ज आहे. शेजारच्या मालकांना पत्र जातं. छप्परवाल्यांच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात शोध, सापडेल.

तिथे जायचं, आणि बोर्डाच्या रात्री नाही, कमिशनच्या. नऊ जण असतात, एकेका सुपरवायझरने नेमलेले. त्यांचं मत फक्त सल्ल्याचं, हे खरं. पण अटी लिहिल्या जातात त्या याच टप्प्यावर. 'नकोच' म्हणून तीन मिनिटं ओरडलं तर लोक मान डोलावतात आणि पुढचं नाव पुकारतात. त्यापेक्षा नेमकं मागायचं. डिझेल जनरेटरची चाचणी दिवसाच घ्यावी, चिलर (थंडावा देणारी यंत्रं) घरांच्या उलट्या बाजूला असावेत, जुन्या झाडांचा पट्टा तोडू नये, उंची इतकीच. पुण्यात विकास आराखड्यावर हरकती-सूचना दिल्या असतील, तेच इथे. विजेच्या मनोऱ्यांबद्दल तिथे बोलू नका. तो निर्णय राजधानीत, रिचमंडला, राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनकडे होतो.

आणि सूचनेच्या कागदाला कमी लेखू नका. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीत मनॅससच्या यादवी युद्धातल्या रणभूमीलगत सुमारे २,१०० एकरांचा 'डिजिटल गेटवे' हा डेटा सेंटरांचा प्रकल्प डिसेंबर २०२३ मध्ये २७ तासांच्या बैठकीनंतर ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते रीझोनिंगच, म्हणजे जमिनीचा झोन बदलण्याची मंजुरीच, रद्द ठरवलं. का? वर्तमानपत्रातली जाहीर सूचना कायद्याप्रमाणे दिली नव्हती म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण रात्रभर जागून भाषणं केलेल्यांना जे जमलं नाही ते एका जाहिरातीने केलं.

ब्रॅम्बल्टनची ताई:

काका, पत्र सापडलं. पिझ्झाच्या कूपनाला चिकटलेलं होतं. निवेदन मागे घेते आणि तुमच्या चार मागण्या इंग्रजीत लिहून काढते.

भाऊ, तुम्ही चहाला याच, पण रात्री अकराला या. मागच्या बाजूला अर्धा मैलावर जुनं सेंटर आहे, त्याचा घूं आवाज वारा इकडचा असला की उशीत शिरतो. आपण शनिवारी दुपारी दीड तास ढोल वाजवला तर तक्रार गेली. हा चोवीस तास वाजतो आणि याला ताशासुद्धा नाही.

अ‍ॅशबर्नचा भाऊ:

झाडांच्या पट्ट्याच्या मागणीवर माझंही नाव घाला. करही हवा आणि झोपही हवी, असं म्हणायला बंदी नाही ना?

सचिव:

पाटीचा फोटो काढून आणला. पावसाने तारखेतला आकडा पुसट झालाय, १ की ७ कळेना. काउंटीत फोन केला, ७ आहे. सुनावणी लीझबर्गला संध्याकाळी. बोलायचं असेल त्यांनी आधी नाव नोंदवा. माझ्या गाडीत तीन जागा आहेत, स्टर्लिंगहून काकांना घेऊन येईन.

ढोल सराव त्या दिवशी नाही. तिथे ढोल घेऊन येण्याची कल्पना ज्यांनी मला खाजगीत कळवली आहे, त्यांनी ती खाजगीतच ठेवावी.