मदत हवी आहे : 'मिस' टाइप केलं की मासे सुचवतंय, इलॅस्टिकसर्चचं सजेशन मराठीत गंडतंय

रस्सा_मंडळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय, बघा काय सुचतंय का. महाद्वार रोडला ओळखीतल्या एकांचं मसाल्याचं दुकान आहे, त्यांची ऑनलाइन ऑर्डरची साइट करायलोय. सर्च बॉक्समध्ये दोन अक्षरं टाकली की खाली नावं सुचली पाहिजेत एवढंच त्यांचं म्हणणं. मागं इलॅस्टिकसर्च ८ (शोध घेणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यांचाच अधिकृत पायथन क्लायंट (पायथनमधून त्याच्याशी बोलणारी लायब्ररी) वापरतोय, नावाचं फील्ड कम्प्लिशन टाइपचं (टाइप करतानाच पुढचं नाव सुचवणारं) केलंय, आणि सर्च मेथडला सजेस्ट पाठवून उत्तरातले ऑप्शन्स घेऊन पानावर दाखवतोय. इथपर्यंत ठीक.

आता गंमत बघा. रोमन अक्षरांतली जी नावं आहेत ती झकास येतात, एकदम बरोबर. पण मराठीत 'मि' टाकलं की मिसळ मसाला, मटण मसाला, मेथी, मोहरी, म वरचं सगळं बाजार! 'मिस' टाकलं की मटण जातं पण मिसळीबरोबर 'मासे फ्राय मसाला' येतो. आणि कहर म्हणजे 'गूळ' टाकला की 'गोळाभात मसाला' दाखवतंय. कोल्हापुरात बसून गूळ शोधला आणि गोळाभात मिळाला तर दुकानदार मला दारात उभा करंल काय?

स्पेलिंग चुकलं तरी चालावं म्हणून फझी चालू केलं, फझीनेस १ ठेवला (म्हणजे एक चूक माफ), तर आणखीनच खिचडी झाली. क्लायंटमध्ये काही गडबड आहे का? का मराठीला हे चालतच नाही?

बिंदू_चौकी

एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) बघ रे एकदा. क्लायंटकडून जाताना यूटीएफ-८ च जातंय ना?

रस्सा_मंडळ

बघितलं भावा, लॉगमध्ये रिक्वेस्ट छापली, अक्षरं जशीच्या तशी जातात. ऑप्शनमधलं नाव पण नीट येतं, फक्त चुकीचं येतं.

पन्हाळा_वारं

एन्कोडिंगचा काही संबंध नाही, क्लायंटचा तर अजिबात नाही, तो बिचारा हमाल, दिलेलं ओझं नेतो आणि आणतो. खोड मॅपिंगमध्ये, म्हणजे फील्ड कसं साठवायचं त्या मांडणीत आहे. कम्प्लिशन फील्डला तुम्ही मजकुराचे तुकडे कसे पाडायचे ते ठरवणारा अ‍ॅनालायझर दिला नाही तर तो 'सिंपल' धरतो, आणि सिंपल म्हणजे जिथं 'अक्षर' नसेल तिथं तोडायचं. युनिकोडमध्ये आपल्या काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही अक्षरं नाहीतच, ती 'मार्क' गटात येतात. म्हणजे 'मिसळ'चे तुकडे होतात 'म' आणि 'सळ', वेलांटी गायब. 'मासे'चे होतात 'म' आणि 'स'. तुम्ही टाइप केलेल्या 'मिस'चेही 'म' आणि 'स'च, मग दोन्ही जुळणारच की. 'मटण'ला मात्रा नाही म्हणून तो अख्खा राहतो, त्यामुळं 'मि'ला (त्याचा नुसता 'म' उरतो) येतो आणि 'मिस'ला गळतो. गूळ आणि गोळाभात दोन्हींची सुरुवात 'ग', 'ळ' अशीच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, क्लायंटच्या इंडायसेसखाली अ‍ॅनालाइझ मेथड आहे, तिला अ‍ॅनालायझर सिंपल आणि शब्द 'गूळ' देऊन टोकन्स (पडलेले तुकडे) बघा. नंतर तेच स्टँडर्ड देऊन बघा, शब्द अख्खा येईल.

उपाय : स्वतःचा कस्टम अ‍ॅनालायझर करा, टोकनायझर (तुकडे पाडणारा भाग) स्टँडर्ड, त्यावर लोअरकेस, इंडिक नॉर्मलायझेशन आणि हिंदी नॉर्मलायझेशन हे फिल्टर. नावात हिंदी असलं तरी आपल्याला लय उपयोगी, कारण ते दीर्घ ऊकार-ईकार ऱ्हस्व करून टाकतं, म्हणजे कुणी गुळ लिहिलं कुणी गूळ लिहिलं, दोन्ही सापडतं. फक्त तयार मिळणारा 'हिंदी' अ‍ॅनालायझर उचलून लावू नका! त्यात हिंदीचे स्टॉपवर्ड (शोधातून गाळायचे शब्द) आहेत, 'का' हा त्यातला एक, मग 'काजू' शोधणारा माणूस 'का' टाकून रिकाम्या पानाकडं बघत बसतो. शिवाय स्टेमर शब्दांची शेपटं कापतो.

असलेल्या फील्डचा अ‍ॅनालायझर बदलता येत नाही, नवीन इंडेक्स (शोधायच्या नावांचा साठा) करून रीइंडेक्स, म्हणजे सगळी नावं त्यात परत भरणं, करावं लागेल.

बिंदू_चौकी

हे माहीत नव्हतं, आमच्याकडं पण हेच असणार, उद्या बघतो. आणि फझीचं काय मग?

पन्हाळा_वारं

फझीत 'युनिकोड अवेअर' म्हणून पर्याय आहे, तो मुळात बंद असतो. बंद असला की सगळी मोजणी बाइट्समध्ये. आपलं एक अक्षर ३ बाइटचं, आणि पहिला बाइट सगळ्या देवनागरीला सारखाच. फझी लागायला किमान लांबी ३ असते, ती एका अक्षरातच भरते, आणि प्रीफिक्स लेंग्थ (सुरुवातीचं किती जसंच्या तसं जुळायलाच हवं) १ म्हणजे तो सारखा पहिला बाइट, त्याचा काय फायदा? म आणि भ मध्ये तर फक्त शेवटच्या बाइटचा फरक. पर्याय चालू करा, बरीच खिचडी कमी होईल.

रस्सा_मंडळ

नाद खुळा! रीइंडेक्स केलं, गूळ टाकला की गूळच येतोय, मासे पाण्यात गेले परत. आता एकच राहिलं, 'चप्पल' टाकलं तर 'कोल्हापुरी चप्पल' येत नाही (हो, मसाल्याच्या दुकानात चप्पल पण आहे, विचारू नका). आणि काही गिऱ्हाईक रोमनमध्येच मराठी टाइप करतात.

पन्हाळा_वारं

कम्प्लिशन नावाच्या सुरुवातीपासूनच जुळवतं. इनपुटमध्ये एकाऐवजी यादी द्या : पूर्ण नाव, मग 'चप्पल'पासूनचं नाव, मग रोमन स्पेलिंगं. पण मग ऑप्शनच्या टेक्स्टमध्ये जे इनपुट जुळलं तेच परत येतं, तेव्हा पानावर दाखवताना सोर्समधलं (मूळ नोंदीतलं) खरं नाव घ्या. नावं लय लांब आणि मधूनच शोधायची असतील तर 'सर्च अ‍ॅज यू टाइप' फील्ड बरं पडेल.

रस्सा_मंडळ

चालतंय. आणि 'कांदा लसूण' ला लोक 'कांदालसूण' असं जोडून टाकतात, त्याला पण वेगळं इनपुट द्यायचं का?

पन्हाळा_वारं

नको, 'प्रिझर्व्ह सेपरेटर्स' फॉल्स करा, मधली जागा धरली जात नाही. ते पण मॅपिंगमध्येच बसतं, त्यामुळं पुन्हा रीइंडेक्स आलंच. इनपुटच्या यादीबरोबर एकदमच उरकून टाका.